साडेसातची मोटर

ज्याच्याशी अक्षदाचं वाकडं नव्हतं असा माणूस सातिवलीच्या त्या कारखान्यात दिवा घेऊन शोधला असता तरी सापडला नसता. चहावाल्याशी वाकडं, कारण त्याचा चहा म्हणजे गरम पाण्याला दुधाची शपथ घातलेली. वॉचमनशी वाकडं, कारण तो तिची स्कूटर मुद्दाम उन्हात लावायला सांगतो अशी तिची खात्री होती. पण ही सगळी किरकोळ भांडणं झाली, सकाळी तोंड धुतल्यासारखी. खरं वैर एकच होतं, आणि ते हर्षवर्धनशी होतं.

तिची आई शांता म्हणायची, "हिला जन्मल्यावर मधाचं बोट नाही चाटवलं कुणी, मिरची चाटवली." घर वसईच्या किनाऱ्याकडचं, मागे केळीची आणि पानवेलींची वाडी. वडील विद्याधर शांत माणूस, झाडांशी जास्त आणि माणसांशी कमी बोलणारे. त्यांच्या पोटी ही अशी. मुंबईला जाऊन केमिकल इंजिनीअर झाली, आणि मोठमोठ्या कंपन्या सोडून सातिवलीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नोकरीला लागली, कारण मुलाखतीतच तिने मालकाला सांगितलं होतं की तुमचा माल भिकार आहे आणि मालक म्हणाले होते, "मग सुधारा."

मालक म्हणजे सिप्रियन सर. वसईतलेच, जुन्या ख्रिस्ती घरातले. फरशा चिकटवायचा तयार माल ते बनवत. सिमेंट कालवायची कटकट नको, बादली उघडा आणि थापा. त्या मालाची कृती अक्षदाने बसवली. कारखान्यात तिची एक छोटी प्रयोगशाळा होती. एक सिंक, एक टेबल, मालाचा घट्टपणा मोजायचं एक यंत्र आणि टाकीकडे उघडणारी खिडकी. लग्न तिने केलं नाही. ती खोली हेच तिचं माहेर आणि तेच सासर.

धंदा वाढला. दोनशे लिटरची टाकी पुरेना. दोन हजार लिटरची घ्यायचं ठरलं, आणि ते काम बघायला सिप्रियन सरांनी हर्षवर्धनला आणलं. देशावरचा माणूस, बोळिंजला फ्लॅट, मोठ्या कंपनीत वर्षं काढलेली. शर्टाला इस्त्री अशी की माशी बसली तर घसरावी. तो मूर्ख असता तर बरं झालं असतं. मूर्खाशी वैर लवकर संपतं. पण हर्षवर्धनला काम येत होतं, आणि अक्षदाला हे पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणूनच तिचा जळफळाट झाला.

वाद लागला तो मोटरवरून. नव्या टाकीत माल ढवळायला किती ताकदीची मोटर लागेल?

पाण्याचं असतं तर शाळकरी पोरानेही हिशेब केला असता. पाणी सावकाश ढवळा की जोरात, त्याचा घट्टपणा बदलत नाही. पण हा माल तसा सरळ नव्हता. ढवळला की सैल पडायचा, सोडून दिला की घट्ट व्हायचा. अक्षदाच्या वाडीमागच्या खाजणातला चिखल असतो ना, तसा. पाय झपाझप उचलत गेलं तर वाट देतो, उभं राहिलं की घोट्याला धरून ठेवतो. अशा मालाचा घट्टपणा किती, या प्रश्नाला एक उत्तरच नसतं. किती जोरात ढवळता ते आधी सांगावं लागतं, मग घट्टपणा सांगता येतो, आणि मग कुठे विजेचा हिशेब होतो.

टाकी बनवणारा ठेकेदार आला होता. तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ. पाण्यावर ट्रायल घेऊ, नारळ फोडू, किती अ‍ॅम्पियर खाते बघू आणि त्यावर मोटर ठरवू."

"पाण्यावर?" अक्षदा आणि हर्षवर्धन एकदमच ओरडले.

त्या दोघांचं एकमत झाल्याचा तो पहिला प्रसंग. ठेकेदार बिचारा दचकून पाणी प्यायला. पण पुढच्याच मिनिटाला दोघं एकमेकांवर उलटले.

"टाकीतल्या ढवळणाऱ्या पंख्याजवळ माल ज्या वेगाने फिरणार, त्या वेगाला त्याचा घट्टपणा काढला मी," हर्षवर्धन म्हणाला. "मॅडमच्याच यंत्रावर. साडेसात हॉर्सपॉवर बस झाली. तीसुद्धा आरामात."

"आणि पंख्यापासून लांब?" अक्षदा म्हणाली. "भिंतीपाशी माल सावकाश फिरतो. तिथे तो किती घट्ट आहे ते बघितलंत? मी सावकाश फिरवून मोजलाय. दगड आहे दगड. वेग दीडपट करा आणि पंचवीसची मोटर लावा."

"पंचवीस? मॅडम, माल ढवळायचाय, विमान उडवायचं नाही."

"आणि साडेसातवर काय, ताक घुसळायचंय?"

सिप्रियन सर कधी याच्याकडे बघत, कधी हिच्याकडे. विजेचं बिल त्यांना भरायचं होतं. साडेसात आणि पंचवीस यांत कुठला आकडा त्यांना गोड लागला असेल ते सांगायला ज्योतिषी नको. साडेसातची मोटर आली.

आणि चालली! हर्षवर्धनने जेवढे अ‍ॅम्पियर सांगितले होते, मीटरची सुई बरोबर तिथे जाऊन उभी राहिली. इकडे नाही, तिकडे नाही. त्याने ऑपरेटर जयवंतला सांगून अक्षदाला प्रयोगशाळेतून बोलावून घेतलं.

"बघा मॅडम. वाचता येतं ना?"

सगळी माणसं भोवती उभी होती. अक्षदाने सुई बघितली. तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "सुई बरोबर आहे," ती म्हणाली, "पण माल मिसळतोय का ते सुईला काय ठाऊक?"

तिचं म्हणणं असं होतं की पंखा आपल्याभोवतीचा माल सैल करतो आणि त्या सैल मालाच्या डबक्यात मजेत फिरत राहतो. डबक्याबाहेरचा माल भिंतीला धरून जागचा हलत नाही. मोटरला वीज कमी लागते ती यामुळेच, कारण ती पूर्ण टाकी ढवळतच नाही. पण हे दाखवायचं कसं? टाकीला झाकण. माल भरायला मधोमध एक तोंड, तिथून दिसायचं ते फिरतच असायचं. आणि माल पांढराशुभ्र. पांढऱ्यात पांढरं हललं काय आणि न हललं काय.

तिने सांगून बघितलं. लिहून बघितलं. टोमणे मारून बघितले. कामगारांनी दोघांना नावं ठेवली, एक साडेसात आणि एक पंचवीस. "साडेसात आले का?" "आले, पंचवीसच्या नावाने शिव्या देतायत." अक्षदाच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांची साडेसात, पण साडेसाती मला लागलीये." एवढा विनोद तिने त्या वर्षात एकदाच केला.

एके दिवशी दुसऱ्या शहरातले मोठे व्यापारी कारखाना बघायला आले. हर्षवर्धन त्यांना टाकी दाखवत होता आणि आपली सुई दाखवत होता. "इतक्या कमी विजेत एवढा माल आमच्याकडेच," असं तो म्हणाला आणि अक्षदाचा तोल सुटला. ती खोलीतून बाहेर आली, सरळ जाऊन टाकीचं बटण बंद केलं, आणि पाहुण्यांसमोर झाकणाचे बोल्ट उघडायला लागली. पाना हातातून निसटला आणि एका व्यापाऱ्याच्या बुटावर पडला.

सिप्रियन सर दुसऱ्या दिवशी तिला म्हणाले, "अक्षदा, तू हुशार आहेस. पण तुझ्या शेजारी माणूस उभा राहू शकत नाही. तू काही दिवस कामणला जा. गोडाऊन सांभाळ. तिथे शांत आहे."

शांत म्हणजे वसई-भिवंडी रस्त्यावर ट्रकांचे हॉर्न आणि पत्र्याखाली रचलेल्या बादल्यांच्या भिंती. प्रयोगशाळेची किल्ली तिने टेबलावर ठेवली नाही, टाकली. तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती पगार नव्हती, बढती नव्हती. तिला हर्षवर्धनच्या तोंडून 'बरोबर आहे' हे दोन शब्द ऐकायचे होते. ते ऐकल्याशिवाय मरायचं नाही असं तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग शंभर वर्षं जगशील."

कामणला गिऱ्हाइकांकडून बादल्या परत यायला लागल्या. झाकण उघडलं की कुबट घाण वास यायचा, आंबलेल्या पिठाला बुरशी धरल्यासारखा. माल कुजू नये म्हणून त्यात औषध घालतात, ते टाकीच्या मधल्या तोंडातून पडायचं आणि डबक्यातच फिरत राहायचं. भिंतीकडच्या मालाला त्याचा थेंबही मिळायचा नाही. मग ज्या बादल्या त्या मालाने भरायच्या त्या सडायच्या. अक्षदाला हे पहिल्या बादलीच्या वासात कळलं. तिने सातिवलीला फोन लावला.

"माल सडतोय. औषध मिसळत नाही तुमच्या टाकीत."

"माल इथून ताजा जातो मॅडम," हर्षवर्धन म्हणाला. "तुमच्या गोडाऊनला ऊन लागतं. बादल्या सावलीत ठेवायचं काम तुमचं."

तिने फोन असा आपटला की पलीकडचा ट्रकवाला बघायला आला. म्हणजे पाप त्याचं आणि वास हिच्या नाकाला, आणि वर दोषही हिलाच! अंगाला तो वास लागायचा, घरी गेल्यावर आई दारातच बादलीभर पाणी ठेवायची. विद्याधर जेवताना पाट जरा लांब सरकवायचे. तिला बापाच्या त्या सरकण्याचा राग यायचा आणि तो रागही ती हर्षवर्धनच्या खात्यावर टाकायची.

मग खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा असते त्या दिवशी. सिप्रियन सर चर्चला जाणारे, पण ही पूजा त्यांनी कधी चुकवली नाही. कामगारांची यंत्रं आहेत, त्यांच्या रीतीने व्हायला हवं, असं ते म्हणत. त्यांची बायको लुसी स्वतः परसातला झेंडू तोडून पाटीभर आणायची, माळाही ओवायची. कामणच्या माणसांनाही बोलावणं होतं. अक्षदा आली ती भांडायला नाही, पेढा खायला, असं तिने आधीच सगळ्यांना सांगून टाकलं. तेवढ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

पूजेसाठी टाकीचं झाकण उचललं होतं. वरच्या दांड्याला माळ घालायची होती. नुसती जाळी ठेवून जयवंतने यंत्र चालू केलं, कारण पूजा चालत्या यंत्राची करायची अशी तिथली पद्धत. हर्षवर्धनने हळदकुंकू वाहिलं. लुसी मूठभर झेंडू टाकायला गेली तर फुलं जाळीतून खाली टाकीतच पडली. काही मधे पडली, ती गरगर फिरायला लागली. एक टपोरं फूल भिंतीपाशी पडलं.

"अय्यो, मालात पडली की," लुसी म्हणाली. मग वाकून बघत म्हणाली, "अहो, पण हे एक फिरत का नाही?"

"फिरेल," हर्षवर्धन म्हणाला. "वेळ लागतो."

सगळे जाळीवर वाकले. मधली फुलं फिरत होती. त्यांच्या भोवती एक गोल आखल्यासारखा दिसत होता, आणि त्या गोलाबाहेर काहीच हलत नव्हतं. भिंतीपाशी ते केशरी फूल देवघरात ठेवल्यासारखं स्वस्थ बसलं होतं.

"मॅडम, हे काय हाय?" जयवंतने विचारलं. तो मिठागराकडचा. "कोन धरून बसलंय का त्याला?"

अक्षदा हाताची घडी घालून उभी होती. सगळ्या वर्षाचा वास तिच्या नाकात होता. ओरडायची केवढी संधी, पण ती ओरडली नाही. ती म्हणाली, "सगळ्यांनी जाऊन चहा घ्या. पेढे खा. तोवर फिरतंय का बघू."

चहा झाला, पेढे झाले, फोटो झाले. फूल तिथेच होतं. हर्षवर्धन एकटा टाकीपाशी थांबला होता. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर हळदीचा डाग पडला होता आणि तो त्याने पुसलाही नव्हता.

सिप्रियन सरांचा न्याय साधा. त्यांनी हर्षवर्धनला कामणला पाठवलं आणि अक्षदाला सातिवलीला आणलं. "पंचवीसची मोटर मागवा," ते म्हणाले. किल्ली हर्षवर्धनने टेबलावर ठेवली. टाकली नाही, ठेवली, आणि हेही अक्षदाला झोंबलं. जाताना तिने त्याला अडवलं.

"काही म्हणायचंय?"

"फूल फिरलं नाही," तो म्हणाला. "एवढं दिसलं मला."

दोन शब्द काही आले नाहीत.

नवी मोटर यायला वेळ होता. तोवर अक्षदाने ठरवलं की सगळा हिशेब नीट मांडून ठेवावा, म्हणजे पुन्हा कुणी तोंड वर करणार नाही. ती बसली, आणि तिने तो हिशेब मांडला जो मोटर मागतानाच मांडायला हवा होता. पंखा वेगात फिरवला तर ते डबकं किती मोठं होईल?

उत्तर आलं तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. पुन्हा मांडला. पुन्हा तेच. वेग दीडपट केला की वीज तिपटीहून जास्त लागणार, आणि डबक्याचा काठ वीतभर पुढे सरकणार. एवढंच. भिंत लांबच राहणार. पंचवीसची मोटर लावून पुढच्या खंडेनवमीला झेंडू टाकला, तर तो जरा अलीकडे टाकला तर फिरेल आणि भिंतीपाशी टाकला तर बसून राहील. बादल्या सडतच राहतील, फक्त जास्त वीज खाऊन सडतील.

टाकीला मोठी मोटर नकोच होती. पंख्याच्या जागी दुसरं पातं हवं होतं. जहाजाच्या नांगरासारखं रुंद, भिंतीला जवळजवळ घासत जाणारं, सावकाश फिरणारं. मग डबकं राहायचा प्रश्नच नाही, कारण पातंच भिंतीपर्यंत जाणार. तिने त्याचीही वीज काढली. वेग इतका कमी की गिअरबॉक्स बदलला की झालं. मोटर लागत होती साडेसातची.

अक्षदाने तो कागद उलटा करून ठेवला. इतकी भांडली, व्यापाऱ्याच्या बुटावर पाना पाडला, कामणचा वास अंगावर घेतला, आणि ते सगळं चुकीच्या गोष्टीसाठी. माल मिसळत नाही हे तिचं खरं होतं. पण उपाय तिने धादांत चुकीचा सांगितला होता. दोघंही मोटरवर भांडत राहिले, आणि पात्याकडे एकानेही बघितलं नाही.

सडक्या मालाचे नमुने हवेत असं निमित्त करून ती कामणला गेली. खरं म्हणजे तिला त्याला तिथे बसलेला बघायचं होतं, तेवढंच मनाला बरं वाटलं असतं. हर्षवर्धन तिच्याच जुन्या खुर्चीत बसला होता. शर्टाला इस्त्री नव्हती. समोर पाच-सहा सडक्या बादल्या उघड्या होत्या आणि जमिनीवर खडूने एक मोठा गोल काढला होता, त्यात एक छोटा गोल.

"या मॅडम. मोटर आली?"

"येतेय."

"वेग?"

"दीडपट."

हर्षवर्धन हसला. त्याला हसताना तिने याआधी बघितलंच नव्हतं, आणि ते हसणं तिला अजिबात आवडलं नाही.

"लावा," तो म्हणाला. "लगेच लावा. आणि पुढच्या खंडेनवमीला मला बोलवा. झेंडू मी आणतो."

अक्षदाने जमिनीवरचे गोल बघितले, बाहेरचा टाकीचा आणि आतला डबक्याचा. छोटा गोल जरासा मोठा करून पुसलेला दिसत होता. म्हणजे यानेही तोच हिशेब केला होता.

"तुम्हाला कळलंय," ती म्हणाली.

"इथे दुसरं काम काय आहे? वास घ्यायचा आणि विचार करायचा."

"मग सांगितलं का नाहीत सरांना?"

"मी कशाला सांगू?" तो शांतपणे म्हणाला. "वर्षभर तुम्ही माझ्या सुईला हसलात. आता मी तुमच्या मोटरची वाट बघतोय. लावा तुम्ही पंचवीस. फूल तिथेच बसलेलं बघायला मी बोळिंजहून पायी चालत येईन."

स्कूटरवरून परत येताना तिचं डोकं ट्रकांच्या धुरासारखं भरून गेलं होतं. गप्प राहायचं? पंचवीसची मोटर लावायची आणि हळूच पातंही बदलून घ्यायचं? माल मिसळेल, बादल्या सडणार नाहीत, सिप्रियन सर शाबासकी देतील. कुणालाच कळणार नाही. कळेल फक्त एका माणसाला. त्याला मोटरच्या पाटीवर पंचवीस आणि सुईवर साडेसातपुरतीच वीज दिसेल, आणि तो त्याच हसण्याने हसेल. सगळ्या सातिवलीने तिला चुकीची म्हटलं असतं तर तिने सगळ्या सातिवलीशी भांडण केलं असतं. पण हा एकटा हसला असता, आणि ते तिला सहन होणारं नव्हतं.

म्हणून ती खरं बोलली. चांगुलपणा म्हणून नव्हे, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. निव्वळ खुन्नस म्हणून बोलली. त्याला वाट बघायचं सुखसुद्धा मिळू द्यायचं नव्हतं तिला.

"सर, पंचवीसची मोटर रद्द करा," तिने सिप्रियन सरांच्या केबिनमध्ये उभ्याउभ्याच सांगितलं. जयवंत तिथेच सही घ्यायला उभा होता, त्याच्यासमोरच. "मी चुकले. मोटरने काही होणार नाही. पातं बदलायला हवं."

सिप्रियन सरांनी चष्मा काढला. त्यांच्या आयुष्यात अक्षदाच्या तोंडून 'मी चुकले' पहिल्यांदाच येत होतं. "मग मोटर कुठली?"

"आहे तीच पुरते."

"साडेसात? म्हणजे हर्षवर्धनचं बरोबर होतं?"

"मी असं म्हटलेलं नाही," अक्षदा म्हणाली आणि दार आपटून बाहेर गेली.

संध्याकाळपर्यंत कारखान्यात सगळ्यांना कळलं. पंचवीस चुकली! चहावाल्याने त्या दिवशी तिला मुद्दाम दोनदा चहा विचारला. ती सगळं गिळून बसली. नांगरासारखं पातं बनवून घेताना ठेकेदाराच्या मागे तिने असा काही तगादा लावला की तो म्हणाला, मॅडम, पाण्यावरची ट्रायल परवडली. पातं बसलं. गिअरबॉक्स बसला. सुई साडेसातच्या मोटरला झेपेल इतपत वर चढली आणि तिथे थांबली. पुढे पावसाळा आला, गेला, आणि कामणला एकही सडकी बादली परत आली नाही.

एका सकाळी कामणहून हर्षवर्धनचा फोन आला. "मॅडम, बादल्या येत नाहीत."

"येणार नाहीत," अक्षदा म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर बराच वेळ तिचा हात फोनवरच होता. तिला आणखी काहीतरी ऐकायचं होतं आणि तिने स्वतःच ते तोडून टाकलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

पुन्हा खंडेनवमी आली. सिप्रियन सर म्हणाले, कामणहून कुणाला बोलवायचं? अक्षदा म्हणाली, "साडेसातला बोलवा. झेंडू तेच आणणार होते." सरांनी फोन केला.

हर्षवर्धन आला. हातात खरंच झेंडूची पिशवी होती. टाकीच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, मधे जाळी. झाकण उघडलं, यंत्र चालू झालं. लुसीने हळदकुंकू वाहिलं. हर्षवर्धनने पिशवीतलं सगळ्यात मोठं फूल निवडलं, वाकला, आणि नेम धरून अगदी भिंतीला चिकटून टाकलं.

फूल थोडं थांबलं. मग रुंद पातं आलं आणि त्याने फुलाला हलकेच पुढे ढकललं. फूल भिंतीकडेने निघालं, सावकाश, अक्षदासमोरून गेलं, जयवंतसमोरून गेलं, आणि पूर्ण फेरी मारून हर्षवर्धनसमोर आलं.

"फिरला!" जयवंत ओरडला. "पन पंखा तर सावकाश हाय!"

हर्षवर्धन फुलाकडे बघत होता. मग त्याने मान वर केली आणि यंत्राच्या आवाजातही सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, मोटर कुठली आहे?"

"पाटी लावलीये. वाचता येतं ना?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

अक्षदाच्या कानशिलाला पुन्हा रक्त चढलं. तिने जाळी घट्ट धरली. फूल दुसऱ्यांदा तिच्यासमोरून गेलं.

"साडेसात," ती म्हणाली.

हर्षवर्धनने मान हलवली. हसला नाही. पुन्हा एकदा खाली त्या पात्याकडे बघितलं, त्याची एक पूर्ण फेरी होईपर्यंत.

"पातं बरोबर आहे," तो म्हणाला.

एवढ्या दोन शब्दांसाठी ती शंभर वर्षं जगायला तयार होती. ते आले, तेही सगळ्यांसमोर. आनंद झाला हे तिला कळलं, आणि तो या माणसामुळे झाला याचा रागही आला. कारखान्यात दुसऱ्या कुणी 'बरोबर आहे' म्हटलं असतं तर तिने ढुंकूनही बघितलं नसतं. कारण दुसऱ्या कुणाला ते कळतच नव्हतं.

"फुलं कमी आणलीत," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी जास्त आणतो," हर्षवर्धन म्हणाला.

मग लुसीने पेढ्यांचा डबा उघडला, आणि दोघंही रांगेत उभे राहिले, मधे चार माणसं सोडून.